इंग्रजी क्रियापद कुठे उभं राहून बोलतं

नोकरीच्या अर्जात एकाने लिहिलं, ‘आय वर्क्ड इन अ बँक फॉर फाइव्ह इयर्स.’ दुसऱ्याने लिहिलं, ‘आय हॅव वर्क्ड इन अ बँक फॉर फाइव्ह इयर्स.’ दोन्ही वाक्यांचं व्याकरण बिनचूक आहे आणि वर्षंही तितकीच आहेत. तरी अर्ज वाचणाऱ्याच्या मनात दोन वेगळी माणसं उभी राहतात. पहिल्याने ती नोकरी सोडलेली आहे. दुसरा आजही त्याच बँकेत आहे, निदान वाचणारा पहिल्यांदा तरी तसंच समजतो. ‘सोडली’ किंवा ‘अजून आहे’ असा शब्द कुठेच नाही, सगळं काम त्या एका ‘हॅव’ने केलं आहे. मराठीत आपण ‘पाच वर्षं बँकेत काम केलं’ म्हणा की ‘केलं आहे’ म्हणा, ऐकणारा ती नोकरी संपलेलीच धरतो. अजून चालू असेल तर आपण सरळ ‘पाच वर्षं बँकेत काम करतोय’ म्हणतो.

असा बारीक फरक शाळेतल्या तक्त्यातून हाती लागत नाही. तो तक्ता आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. वरच्या बाजूला वर्तमान, भूत, भविष्य अशी तीन नावं, डाव्या बाजूला साधा, चालू, पूर्ण आणि चालू-पूर्ण अशी चार. तीन चोक बारा घरं, आणि प्रत्येक घरात एक सूत्र. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांमध्ये २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधी ते पाचवीत यायचं. पण तक्ता तोच राहिला. पाठांतराला तो सोयीचा आहे आणि क्रियापदाची रूपं तयार करायला उपयोगीही आहे. अडचण अशी, की कोणतं रूप कधी वापरायचं ते तो सांगत नाही. शिवाय बाराही घरं सारख्या आकाराची दिसत असल्यामुळे त्या सगळ्यांचं वजन सारखंच आहे असा समज होतो. ‘आय शॅल हॅव बीन रायटिंग’ हे रूप इंग्रज माणूस महिनोन्‌महिने उच्चारत नसेल. ‘हॅव रिटन’ तो दिवसातून कितीतरी वेळा म्हणतो. विद्यार्थी दोन्हींवर सारखाच घाम गाळतो.

मुळात इंग्रजीला स्वतःचे असे काळ दोनच आहेत. क्रियापदाच्या अंगावरच काळ दिसतो तो ‘वर्क’ आणि ‘वर्क्ड’, ‘गो’ आणि ‘वेंट’ एवढ्याच ठिकाणी. जर्मन, डच, इंग्रजी या एका घराण्यातल्या भाषांची मूळची मांडणीच अशी होती: एक रूप झालेल्या गोष्टीसाठी, दुसरं बाकी सगळ्यासाठी. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत उद्याची गोष्टही वर्तमानाच्याच रूपात सांगत. ‘विल’ म्हणजे तेव्हा ‘इच्छा असणे’ आणि ‘शॅल’ म्हणजे ‘देणं लागणे, बांधील असणे’. भविष्याचं काम या दोघांकडे सावकाश आलं. मराठीची गोष्ट वेगळी. ‘जाईन’, ‘करशील’, ‘येईल’ यांत भविष्य क्रियापदाच्या पोटातच आहे, त्यासाठी बाहेरून कुणाला बोलवावं लागत नाही.

मग बारा घरं आली कुठून? इंग्रजी भाषेचं पहिलं छापील व्याकरण विल्यम बुलोकर यांनी १५८६ साली लिहिलं. त्या काळी व्याकरण म्हणजे लॅटिनचं व्याकरण असाच समज होता, आणि लॅटिनमध्ये क्रियापदाचे काळ सहा. पुढची दोनशे-अडीचशे वर्षं इंग्रज वैयाकरण आपल्या भाषेला त्या साच्यात बसवत राहिले; त्या सहांतला प्रत्येक काळ चालू रूपातही मांडला की बारा घरं होतात. तो साचा समुद्र ओलांडून आपल्याकडेही आला. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण प्रसिद्ध केलं तेही इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. म्हणजे ज्या चौकटीतून आपण इंग्रजी शिकतो, तिच्याच धाकट्या बहिणीतून मराठीही शिकलो. त्यामुळे दोन्ही भाषांची क्रियापदं कागदावर जितकी सारखी दिसतात तितकी ती बोलताना नसतात.

तक्त्याऐवजी हाताशी धरावी अशी एक युक्ती १९४७ साली हान्स रायखनबाख यांनी दिली. हे जर्मन तत्त्वज्ञ हिटलर सत्तेवर आल्यावर देश सोडून इस्तंबूलला आणि तिथून लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात गेले. तर्कशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात त्यांनी काही मोजकी पानं क्रियापदाच्या काळांना दिली आणि ती पानं भाषाशास्त्रात आजही वाचली जातात. त्यांचं म्हणणं असं: काळ समजून घ्यायला दोन बिंदू पुरत नाहीत, तीन लागतात. एक, आपण बोलतोय तो क्षण. दोन, घटना घडली तो क्षण. तीन, बोलणारा जिथे उभा राहून त्या घटनेकडे पाहतोय तो क्षण. सगळी मेख या तिसऱ्यात आहे.

‘मी स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती.’ या वाक्यात मी बोलतोय आज. गाडी सुटली, समजा, काल सहा वाजता. पण मी तिच्याकडे पाहतोय तो सहा वाजून पाच मिनिटांनी, रिकाम्या फलाटावर उभा राहून. घटना आधी, पाहण्याचा क्षण नंतर, बोलणं त्याच्याही नंतर. इंग्रजीत हेच ‘हॅड लेफ्ट’. ‘काल गाडी सहाला सुटली’, म्हणजे ‘लेफ्ट’, असं म्हटलं की पाहणारा थेट कालच्या सहा वाजता जाऊन उभा राहतो. घटना आणि पाहणं एकाच जागी. आणि ‘द ट्रेन हॅज लेफ्ट’ म्हणताना पाहणारा आत्ता, इथेच उभा असतो. गाडी मागे कधीतरी सुटली, त्याचा परिणाम त्याच्यासमोर आत्ता आहे. घटना एकच आहे, घड्याळातली वेळही एकच, आणि तरी तीन रूपं होतात. घटना ‘कधी’ घडली एवढंच विचारत बसलं तर ‘लेफ्ट’ आणि ‘हॅज लेफ्ट’ यांत निवड करताच येत नाही, कारण दोन्ही भूतकाळातच घडलेलं आहे.

हे ‘हॅव’ इथे आलं कसं ते पाहिलं की त्याचा स्वभावही कळतो. जुन्या इंग्रजीत ‘माझ्याजवळ पत्र आहे, लिहिलेलं’ अशा धाटणीची वाक्यं असत. ‘हॅव’ म्हणजे खरोखरच जवळ असणं, आणि ‘रिटन’ हे पत्राचं विशेषण. ते विशेषण होतं म्हणूनच कधी कधी पत्राच्या लिंगवचनाप्रमाणे बदलायचंही. पुढे शब्दांचा क्रम बदलला, जवळ असण्याचा अर्थ पुसट झाला आणि ‘मी लिहिलं आहे’ उरलं. मराठी माणसाला यात आश्चर्य वाटायला नको. ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी भाकरी खाल्ली’ यांत आपलंही क्रियापद खाणाऱ्याला सोडून आंब्या-भाकरीच्या मागे जातं, कारण ‘खाल्ला’, ‘खाल्ली’ ही रूपं संस्कृतातल्या ‘खादित’सारख्या विशेषणवजा रूपांच्या वंशातली आहेत. दोन दूरच्या भाषांनी झालेली गोष्ट सांगायला एकच वाट धरली: झालेली वस्तू समोर ठेवायची आणि ती कुणाची ते सांगायचं. इंग्रजीच्या ‘हॅव’मध्ये ते समोर असणं अजून शाबूत आहे. ‘आय हॅव रिटन द लेटर’ म्हणणारा माणूस लिहिण्याची हकीकत सांगत नसतो, पत्र तयार आहे हे तो सांगतो.

येणं-जाणं-होणं अशा क्रियापदांसाठी जुन्या इंग्रजीत ‘हॅव’ऐवजी ‘बी’ वापरत, अगदी आपल्या ‘तो आला आहे’सारखं. जर्मन आणि फ्रेंचमध्ये ही विभागणी आजही आहे. इंग्रजीतून ती जवळजवळ गेली, फक्त जुन्या वळणाच्या, गंभीर भाषेत उरली. अणुबॉम्बचे शास्त्रज्ञ रॉबर्ट ओपेनहायमर यांनी १९६५ साली दूरचित्रवाणीवर गीतेच्या अकराव्या अध्यायातला श्लोक इंग्रजीत सांगितला, तेव्हा ‘बिकम’च्या आधी ‘हॅव’ऐवजी ‘ॲम’ ठेवलं. ऐकणाऱ्या अनेकांना ती चूक वाटते. ती चूक नाही. शेकडो वर्षं मागचं इंग्रजी आहे.

आता ‘हॅव’वाल्या रूपाचा नियम. पाहणारा आजच्या क्षणात उभा आहे हे मान्य केलं की नियम आपोआप सुटतात. ‘यस्टर्डे’ म्हटलं की पाहणारा कालच्या दिवसात गेला, मग ‘हॅव’ तिथे राहू शकत नाही. म्हणून ‘आय हॅव सीन हिम यस्टर्डे’ चुकतं. आपण ‘त्याला काल पाहिलंय मी’ बेधडक म्हणतो, मराठीत ते खपतं, आणि तीच सवय इंग्रजीत उतरते. सकाळी दहा वाजता ‘हॅव यू हॅड टी धिस मॉर्निंग?’ विचारता येतं, कारण सकाळ अजून चालू आहे. तोच प्रश्न दुपारी तीनला विचारायचा असेल तर ‘डिड यू हॅव टी धिस मॉर्निंग?’ होतो. शब्द तेच आहेत, फक्त सकाळ संपली.

माणसाच्या आयुष्यालाही हेच लागू होतं. ‘माय ग्रँडफादर हॅज टोल्ड मी मेनी स्टोरीज’ असं कुणी लिहिलं तर इंग्रज वाचक आजोबा हयात आहेत असंच समजतो. ते गेले असतील तर ‘टोल्ड’. मराठीत ‘आजोबांनी मला खूप गोष्टी सांगितल्या आहेत’ हे वाक्य आजोबा नसतानाही चालतं, कारण गोष्टी आपल्यापाशी आहेतच. इंग्रजी क्रियापदाला गोष्टी उरल्या एवढं पुरत नाही, ज्याच्याविषयी वाक्य आहे तोही आजच्या जगात लागतो. शोकसंदेश इंग्रजीत लिहिताना हे एवढं सांभाळावं. चुकीच्या ‘हॅज’ने वाचणारा क्षणभर गोंधळतो, आणि अशा वेळी कुणाला गोंधळात टाकू नये.

बातम्यांत हा फरक सुरेख दिसतो. इंग्रजी बातमी सुरू होते ‘द मिनिस्टर हॅज रिझाइन्ड’ने, आणि दुसऱ्याच वाक्यात ‘ही सेंट हिज लेटर ॲट नाइन’. पहिलं वाक्य वाचकाच्या आजमध्ये बातमी आणून टाकतं. तपशील सुरू झाला की निवेदक सकाळच्या नऊ वाजता जातो. ‘मंत्र्यांनी राजीनामा दिला आहे. सकाळी नऊ वाजता त्यांनी पत्र पाठवलं.’ आपणही अगदी हेच करतो. रोज इंग्रजी वर्तमानपत्र वाचणाऱ्याने आठवडाभर फक्त क्रियापदांखाली रेघा मारून पाहाव्यात. शंभर रिकाम्या जागा भरण्यापेक्षा त्यातून जास्त शिकता येतं असं माझं ठाम मत आहे.

अमेरिकेत मात्र ‘डिड यू ईट यट?’ आणि ‘आय जस्ट एट’ ही वाक्यं सर्रास ऐकू येतात. ब्रिटिश कानाला तिथे ‘हॅव यू ईटन?’ हवं असतं. दोन्ही इंग्रजीच आहे. न्यू जर्सीत वाढलेल्या भाचीचं इंग्रजी ब्रिटिश वळणाच्या पुस्तकाने दुरुस्त करायला जाऊ नये.

मराठी माणसाचं पाऊल हमखास घसरतं ते पुढच्या ठिकाणी, आणि पुस्तकं त्याबद्दल बहुधा गप्प असतात. ‘गेल्या वर्षी आम्ही काशीला गेलो होतो’ हे निव्वळ साधं मराठी वाक्य आहे. तेच शब्दशः इंग्रजीत जातं आणि ‘वी हॅड गॉन टू काशी लास्ट इयर’ तयार होतं. इंग्रज ऐकणारा थांबतो, पुढच्या वाक्याची वाट पाहत. काशीला गेला होतात, आणि मग? कशाच्या आधी? ‘हॅड’ने त्याला भूतकाळातल्या दुसऱ्या एका क्षणावर नेऊन उभं केलं आहे आणि तो क्षण आपण सांगतच नाही. तिथे साधं ‘वी वेंट’ हवं.

आपण ‘होतो’ लावतो ते आळसाने नाही. मराठीत त्या ‘होतं’ला स्वतःचा अर्थ आहे. ‘आई बाजारात गेली’ म्हणजे निघून गेली. ‘आई बाजारात गेली आहे’ म्हणजे आत्ता घरी नाही. ‘आई बाजारात गेली होती’ म्हणजे गेली आणि परत आली. ‘दार उघडलं होतं’ म्हटलं की ऐकणारा समजतो, आता ते लागलेलं आहे. ‘मी त्याला पैसे दिले होते’ म्हटलं की पुढे काहीतरी तक्रार येणार, बहुतेक वेळा. क्रियेचा परिणाम येऊन गेला, आता तो शिल्लक नाही, हे आपण ‘होतं’ने सांगतो. एखादी जुनी आठवण काढतानाही ‘होतं’ येतं: ‘तुला आठवतं, आपण त्या हॉटेलात जेवलो होतो?’ इंग्रजीच्या ‘हॅड’कडे यातलं काहीही नाही. ते फक्त एवढंच सांगतं, की ही गोष्ट त्या दुसऱ्या गोष्टीच्या आधी घडली. दुसरी गोष्ट नसेल तर ‘हॅड’ला उभं राहायला जागाच नाही. म्हणून भाषांतर करताना प्रत्येक ‘होतं’पाशी एक प्रश्न विचारावा: कशाच्या आधी? उत्तर मिळालं तर ‘हॅड’, नाहीतर साधा भूतकाळ. ज्यांच्याकडे तर्खडकरांची (हे दादोबा नव्हेत, दुसरे तर्खडकर) भाषांतर पाठमाला अजून आहे, त्यांनी त्यातली वाक्यं हा प्रश्न विचारत पुन्हा करून पाहावीत.

चालू काळाचं दुखणं याच्याइतकं खोल नाही, पण ते कानाला लगेच लागतं. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’. इंग्रजीत जाणणं, असणं, आवडणं, समजणं या स्थिती मानल्या जातात, कृती नाहीत, म्हणून त्यांना सहसा ‘-इंग’ लागत नाही. ‘मला कळत नाहीये’, ‘ती मला आवडतेय’ असं आपल्याला सहज म्हणता येतं, त्यामुळे इंग्रजीतही तेच येतं. मुंबईचे कवी निसिम इझिकेल, बेने इस्राएली समाजातले, यांनी या भारतीय ‘-इंग’ला आपल्या काही इंग्रजी कवितांत मुद्दाम जागा दिली. पत्रव्यवहारात मात्र ते टाळलेलं बरं. आणखी एक चूकही होते. ‘मी दहा वर्षांपासून पुण्यात राहतोय’ यातला वर्तमान आपण ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ असा नेतो. इंग्रजीत मागून सुरू होऊन आजपर्यंत पोचलेली गोष्ट ‘हॅव’शिवाय सांगता येत नाही: ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टेन इयर्स’. सुरुवातीचा बिंदू सांगायचा असेल तर ‘सिन्स २०१५’, लांबी सांगायची असेल तर ‘फॉर टेन इयर्स’.

भविष्याबाबत मराठी माणसाला खरंतर फारसा त्रास व्हायला नको, कारण आपल्याकडे त्याच्या सगळ्या छटा आहेत. आभाळ भरून आलं की आपण ‘पाऊस येणार’ म्हणतो; इंग्रजीत ‘इट्स गोइंग टू रेन’. फोन वाजला आणि त्याच क्षणी ठरवलं तर ‘मी घेतो’. इंग्रजीत ‘आय’ल गेट इट’. ठरलेली भेट: ‘उद्या मी साहेबांना भेटतोय’, ‘आय ॲम मीटिंग हिम टुमॉरो’. वेळापत्रक: ‘गाडी सहाला सुटते’, ‘द ट्रेन लीव्ह्ज ॲट सिक्स’. शाळेने भविष्य म्हणजे ‘शॅल-विल’ असं शिकवलं नसतं, तर मुलांनी हे चारही प्रकार आपल्या मराठीवरूनच बरोबर जुळवले असते.

क्रियापदाचं रूप आणि घड्याळ यांची फारकत दोन्ही भाषांत किती सहज होते तेही पाहण्यासारखं आहे. स्वयंपाकघरातून हाक आली की आपण ‘आलोच!’ म्हणतो आणि अजून खुर्चीतून उठलेलो नसतो. रूप भूतकाळाचं, गोष्ट पुढच्या मिनिटाची. मराठी व्याकरणात क्रियापदाच्या रूपांना लाख्यात, ताख्यात, वाख्यात अशी शेवटच्या अक्षरावरून नावं दिलेली आहेत. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना ती पाठ असतात. ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते, कारण रूपाचं नाव ठेवताना तिने त्याला कुठल्याच काळाशी बांधून टाकलेलं नाही. ‘उद्या पाऊस आला तर सामना होणार नाही’ यात ‘आला’ उद्याचा आहे. इंग्रजी तिथे वर्तमान ठेवतं, ‘इफ इट रेन्स टुमॉरो’. भविष्याचं रूप दोघींनाही नको असतं.

नसलेल्या गोष्टीबद्दल बोलताना इंग्रजी एक पायरी मागे सरकतं. ‘इफ आय न्यू हिज नंबर’ म्हणजे आत्ता मला नंबर माहीत नाही. ‘इफ आय हॅड नोन’ म्हणजे तेव्हा माहीत नव्हता. मराठीतलं ‘मला माहीत असतं तर’ आजचंही असू शकतं आणि तेव्हाचंही. आपण संदर्भावरून ओळखतो. इंग्रजीत लिहिताना ते आधी ठरवावंच लागतं.

मागे सरकण्याचा आणखी एक उपयोग दोन्ही भाषांनी आपापला शोधून काढला आहे, तो म्हणजे अदब. ‘आय वाँट टू आस्क’पेक्षा ‘आय वाँटेड टू आस्क’ सौम्य, ‘आय वॉज वंडरिंग’ त्याहून सौम्य. विचारायचं आत्ताच आहे, पण क्रियापद एक पाऊल मागे घेतल्यामुळे समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते. हे शिकवताना विद्यार्थ्यांना वेगळा नियम सांगावा लागत नाही. वडीलधाऱ्यांच्या दारात उभं राहून आपणही ‘काका, तुमच्याकडे एक काम होतं’ असंच म्हणतो, आणि ते काम अजून व्हायचंच असतं.